शिंपी पण जमतो, घरटं पण जमतं, पण पक्षी घरट्यात बसतच नाही! काय चुकतं आणि काय करायचं

प्रॉब्लेम काय ते आधी नीट सांगते. वॉटरकलरमध्ये शिंपी (पानं शिवून घरटं करणारा छोटा पक्षी) आणि त्याचं घरटं काढताना पान छान आलेलं असतं, शिरा दिसतात, आतला कापूस दिसतो, टाके दिसतात, पक्ष्याचं तर पीस न् पीस काढलेलं असतं, आणि तरी चित्र भिंतीला टेकवून चार पावलं मागे गेलं की शिंपी दुसऱ्याच कुठल्या कागदावरून कापून आणून डकवल्यासारखा दिसतो. मग नवा कागद, परत तेच. पक्षी आणि घरटं एकत्र काढणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते, आणि बहुतेक जण उपाय म्हणून पक्षी अजून बारीक, अजून डिटेलमध्ये काढायला घेतात, त्याने उलट जास्त बिघडतं. पक्ष्याला हात लावू नका. बघायचं ते पक्षी आणि पान यांच्या मधल्या जागेकडे, म्हणजे उजेड कुठून येतोय, सावली कुठे पडतेय आणि एकाचा रंग दुसऱ्यावर किती चढलाय.

सुगरण, मुनिया, शिंजीर, कुणाचंही घरटं घ्या, हे होतंच, पण शिंपी सगळ्यात जास्त छळतो. पाठ हिरवी, पानही हिरवं. शिवाय घरटं म्हणजे सुकलेल्या काड्या नाहीत, झाडाला लागलेलं जिवंत पान आहे, त्यामुळे घरटं म्हटलं की हात आपोआप ब्राऊनकडे जायची जी सवय असते ती इथे काही कामाची नाही. म्हणून शिंपीच धरून बोलते, बाकीच्यांचं मधेमधे येईल.

सगळ्यात आधी रेफरन्स तपासा. पक्षी एका फोटोतला आणि घरटं दुसऱ्या फोटोतलं असं आहे का? असणारच, कारण दोन्ही नीट दिसतील असा एकच फोटो सहसा मिळत नाही. आता बघा, पक्ष्याचा फोटो कुणीतरी मोठ्या लेन्सने लांबून, सकाळच्या कोवळ्या उन्हात, पक्ष्याच्या डोळ्याच्या लेव्हलला काढलेला, आणि घरट्याचा फोटो मोबाईलने जवळून, वरून, ढगाळ हवेत. एकात उजेड डावीकडून येतोय, दुसऱ्यात सगळीकडून सारखाच. एकात आपण समोर बघतोय, दुसऱ्यात खाली वाकून. हे दोन्ही तुम्ही कितीही सुंदर उतरवलंत तरी एका कागदावर नांदणार नाहीत, बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण काहीतरी गडबड आहे हे लगेच कळतं. त्यात मोबाईलची वाइड लेन्स जवळ नेली की पुढची कड फुगते, पानाचा खिसा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो, मग त्यात पक्षी लहान वाटतो म्हणून आपण पक्षी वाढवतो, आणि पक्षी वाढवला की चोच आणि पाय पण वाढवायचे राहून जातात. शिंप्याचा मधेच सुतारपक्ष्याएवढा ऐवज होतो तो असा.

नेटवरच्या रेफरन्सचं पण हल्ली जरा बघून घ्या. मशीनने टीप मारल्यासारखी सरळ एकसारखी शिलाई, शेवटी गाठ, पान अगदी चकचकीत, असं दिसलं तर ते चित्र कॉम्प्युटरने बनवलेलं आहे असं समजून सोडून द्या. शिंपी अशी टीप मारत नाही, त्याबद्दल पुढे लिहिते.

मग खऱ्या घरट्याजवळ बसून स्केच करावं का? नको. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी डिस्टर्ब करणं हे शिकारीच्या व्याख्येतच धरलेलं आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार सांगते: फोटो नीट यावा म्हणून आपण दोन पानं बाजूला केली की कावळ्याला, भारद्वाजाला आणि खालच्या मांजराला घरटं दिसतं. तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीतच शिंप्याने संसार मांडला असेल तर नशीबवान आहात, खिडकी बंद ठेवून आतून दुर्बिणीने बघा, पक्षी कसा येतो, कुठे पाय टेकतो, किती आत जातो एवढं वहीत टिपा, पुरे. पिल्लं उडून गेली तरी घरटं उचलून आणायची घाई करू नका, आणि तसंही ते वाळून तपकिरी झालेलं असतं, रंगासाठी त्याचा उपयोग शून्य.

मी जे करते आणि ज्याने अर्धा प्रॉब्लेम तिथल्या तिथे सुटतो ते म्हणजे डमी बनवणं. देशी बदामाचं एक कोवळं, लवचिक पान घ्या, सोसायटीत नाहीतर रस्त्याच्या कडेला ते झाड असतंच. पानाच्या कडा खालच्या अंगाला वळवून एकमेकींजवळ आणा आणि सुईदोऱ्याने सुटे सुटे तीन-चार टाके घाला. पानाची वरची, गडद बाजू बाहेर राहिली पाहिजे, शिंपी पण तशीच ठेवतो आणि म्हणूनच ते घरटं झाडीत सापडत नाही. आत कापूस भरा, कडेला थोडा बाहेर डोकावू दे. आता शाडूचा एक पक्षी करा, गणपतीची माती घरात कुठेतरी उरलेली असतेच. अगदी साधा आकार, चोच टूथपिकची, शेपटी पुठ्ठ्याची. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण १३ सेंटीमीटर धरा. खरा पक्षी वजनाला ६ ते १० ग्रॅमच भरतो, म्हणजे अंग केवढं इवलंसं असेल बघा, त्या १३ सेंटीमीटरमध्ये शेपटी आणि चोचच बरीच जागा खातात. विणीच्या काळात नराच्या शेपटीची मधली पिसं अजून लांब होतात, तेव्हा नर काढणार की मादी ते आधी ठरवा. हे सगळं पानात बसवा, टेबल लॅम्प डावीकडून वर लावा (शास्त्रीय चित्रांत उजेड डावीकडून वरूनच घ्यायची जुनी पद्धत आहे, कारण नसताना ती मोडू नका) आणि खोलीतला बाकीचा लाइट बंद करा.

आता तुमच्यासमोर एकच उजेड, एकच कोन आणि एकच स्केल आहे. फोटो वापरायचे ते फक्त पिसांच्या रंगासाठी आणि डोळ्यासाठी. सावल्या सगळ्या डमीवरून.

स्केलचं सांगते. ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंटीमीटर असतो, त्यात १३ सेंटीमीटरचा पक्षी आणि बेताचं पान आहे त्या आकारात आरामात मावतं. मग लहान-मोठं करायचंच कशाला? एकास एक काढा, डिव्हायडरने मापं घ्या, खाली १ सेंटीमीटरची रेघ द्या, भांडण मिटलं. एकास एकची गोष्ट निघालीच आहे तर अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या सर्कलव्हिल गावची जेनेव्हीव्ह जोन्स आठवते. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात तिने ऑड्युबॉन या प्रसिद्ध पक्षीचित्रकाराची चित्रं पाहिली आणि तिच्या मनात भरलं की यात घरटी आणि अंडी फारशी नाहीत, ती आपण काढावी. १८७९ मध्ये पुस्तकाचा पहिला भाग निघाला आणि त्याच वर्षी टायफॉइडने ती गेली. मग तिची आई व्हर्जिनिया, जिने आधी असं काही केलेलं नव्हतं, ती चित्रं काढायला बसली, भाऊ हॉवर्ड घरटी शोधून आणायचा आणि मजकूर लिहायचा, वडिलांनी पैसा घातला, आणि १८८६ ला ६८ प्लेटांचं, म्हणजे पानभर छापील चित्रांचं, ते पुस्तक पुरं झालं. घरटी खऱ्या आकारात, समोर ठेवून काढलेली. त्या प्लेटा कुठे बघायला मिळाल्या तर काड्या बघू नका, काड्यांच्या मधला अंधार बघा. काडी वरून कुठे जाते, खालून कुठे निघते हे त्या अंधारावरून कळतं. आपण नेमकं उलटं करतो, काड्या काड्या ओढत बसतो आणि मग फटी काळ्या करतो.

(आपल्याकडे आता खरं घरटं समोर ठेवून काढायचं म्हणजे संग्रहालय. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्राण्यापक्ष्यांचा विभाग आहे, पक्ष्याची ठेवण आणि पाय समजून घ्यायला तिथे वही घेऊन जरूर बसा. पण पेंढा भरलेल्या पक्ष्याचा रंग उडालेला असतो, पाय आणि चोच तर हमखास, त्यामुळे रंग तिथून उचलू नका.)

घरटं काढताना क्रम महत्त्वाचा. पक्षी ज्या क्रमाने बांधतो त्या क्रमाने काढा: आधी पान, मग त्याचा झालेला खिसा, मग आतलं अस्तर, आणि टाके. आधी टाके काढून त्याभोवती पान रंगवलं की पान कागदाच्या पुडीसारखं सपाट होतं. पान वळलंय हे सांगतात त्या आडव्या शिरा. मधली शीर एक सलग वळण घेते, आणि बाजूच्या शिरा कडेजवळ येताना जवळजवळ होत जातात आणि वाकतात. डमी हातात फिरवून हे एकदा बघितलं की कळतं. सपाट पानाच्या शिरा वळलेल्या पानावर काढल्या तर वर काय पण करा, खिसा पोकळ वाटणारच नाही.

आता टाका. इथे भिंग घ्या, कारण बघण्यासारखी गोष्ट आहे. शिंपी चोचीने पानाच्या कडेजवळ अगदी बारीक भोक पाडतो, इतकं बारीक की पान तिथे तपकिरी पडत नाही, आणि त्यातून कोळ्याचं जाळं, कापसाचे तंतू, कोषाचं रेशीम, झाडाचे धागे असं काहीतरी ओढून बाहेर काढतो. बाहेर आलेलं टोक पिंजलं जातं, फुलतं, आणि त्या फुगलेल्या टोकामुळेच धागा मागे सरकत नाही. म्हणजे शिलाई म्हणण्यापेक्षा रिव्हेट म्हणा, लोहार पत्र्याला मारतो तसं. गाठ नसते आणि एका टाक्यातून दुसऱ्यात धागा सलग जातोच असं नाही. मग चित्रात काय दिसायला हवं? भोकाच्या जागी पान किंचित आत ओढलं गेलेलं, म्हणजे एक छोटीशी खळगी, तिच्या डाव्या वरच्या अंगाला केसाएवढी सावली, आणि वर पांढरट कापसाचा एक विस्कटलेला ठिपका, ज्याच्या कडा कुठेच ठाम नाहीत. रेघ नको. रेघ मारलीत की मशीनची टीप झाली.

कापसाच्या त्या ठिपक्यांसाठी मास्किंग फ्लुइड (कागदाचा भाग पांढरा राखायला लावायचा आणि नंतर सोलून काढायचा रबरी द्रव) वापरायचा मोह होतो. पावसाळ्यात तर अजिबात नको, दमट हवेत ते कागदाला धरून बसतं आणि काढताना वरचा पापुद्रा घेऊन येतं, आणि कोणी त्यावर हेअर ड्रायर मारला तर झालंच. त्यापेक्षा हॉटप्रेस म्हणजे गुळगुळीत कागद घ्या, रंग पूर्ण वाळू द्या, आणि शून्य नंबरच्या ब्रशने पांढरा गुआश (खालचं झाकणारा दाट वॉटरकलर) जरा पिवळट करून लावा, किंवा ब्लेडच्या टोकाने हलकेच खरवडा. खरवडायला कागद कडक वाळलेला लागतो, ओलसर असेल तर लोकर निघते.

मुख्य मुद्दा, पक्षी बसवणं. शिंप्याचं घरटं खोल खिसा असतं, वाटी नव्हे. अंड्यांवर बसलेला पक्षी त्यात बुडतो, वर दिसतं ते डोक्याचं टोक, चोच आणि उभी धरलेली शेपटी. कडेवर ऐटीत पूर्ण पक्षी बसवून खाली "अंडी उबवताना" असं लिहिलेली चित्रं बघितली की हसावं की रडावं कळत नाही. पूर्ण पक्षी दाखवायचाच असेल तर पिल्लांना भरवायला आलेला दाखवा, तेव्हा तो खरंच बाहेर, कडेला नाहीतर बाजूच्या देठावर असतो. आणि मग पाय दिसतात. पायाची तीन बोटं पुढे, एक मागे, नख्या पकडीत आवळलेल्या, आणि जिथे बोट देठाला टेकतं तिथे बोटाच्या खाली एक अगदी अरुंद, गडद सावलीची फट. ही फट नसेल तर पक्षी हवेत तरंगतो. फटीपासून लांब गेलं की सावली फिकी आणि मऊ व्हायला हवी. पक्ष्याच्या वजनाने देठ किंचित खाली वाकलाय एवढं दाखवलंत तर अजून चांगलं, पण किंचितच, आठ ग्रॅमचा जीव आहे तो.

आणि आता ज्याने पक्षी खरा बसतो ते. शिंप्याचं पोट मळकट पांढरं, क्रीमकडे झुकणारं असतं. उन्हातल्या पानासमोर असं पांढरं पोट आलं की त्यावर हिरवं पडतं. म्हणजे पोटाच्या सावलीच्या बाजूला राखाडी नको, फिकट पिवळट हिरवा वॉश हवा, पानाला लावला त्याच रंगातला, भरपूर पाणी घालून. उलट बाजूने, डोक्यावरचा तांबूस रंग घ्या आणि पक्ष्याजवळच्या पानाच्या सावलीत त्याचा एक थेंब मिसळा. सगळ्यांना वाटतं पोट स्वच्छ पांढरं राहिलं तर पक्षी उठून दिसेल. दिसतो की, नको तेवढा उठून दिसतो! खिशाच्या आतल्या अंधाराचं पण तसंच, ट्यूबमधला काळा लावलात तर कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं, त्यापेक्षा अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून गडद करा, कडेजवळ निळसर, आत खोल गेलं की जरा ब्राऊनकडे. आत अंडी दाखवणार असाल तर तीही पांढरीशुभ्र नसतात, फिकट निळसर किंवा लालसर छटेची आणि त्यावर तांबूस-तपकिरी ठिपके.

पक्षी पानात हरवत असेल, म्हणजे उलटा प्रॉब्लेम असेल, तर मोबाईलवर चित्राचा फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. पाठ आणि मागचं पान एकाच राखाडीत मिसळले असतील तर रंग बदलून काही होणार नाही, उजेड बदलावा लागेल. पाठीमागे उन्हात आलेलं, उजेड आरपार येणारं पिवळं पान ठेवा, पोटामागे सावलीतलं गडद. लोक काय करतात, पक्ष्याभोवती पेनने बारीक काळी आउटलाइन फिरवतात. चिकटवल्यासारखा दिसायचं हे सगळ्यात मोठं कारण. पक्ष्याची कड सगळीकडे सारखी ठाम नसते, चोच, डोळा आणि पंखाची उजेडातली बाजू ठाम ठेवा, मांडीजवळची आणि शेपटीच्या खालची पिसं पानाच्या सावलीत विरघळू द्या, ओलं असतानाच.

बाकी घरट्यांबद्दल पटकन. शिंजीराचं लोंबतं घरटं कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं असतं आणि बाहेरून सालीचे तुकडे, वाळका कचरा लटकवलेला असतो, तेव्हा तिथे ब्रश आडवातिडवा ठोकत जा, नीटनेटकं काढलंत की खोटं वाटेल, आणि बाजूच्या दारावर छज्जा येतो तो विसरू नका, त्याची सावली पक्ष्याच्या डोक्यावर पडते. सुगरणीचं घरटं गवताच्या पात्यांचं विणकाम, तिथे उलट प्रत्येक पातं कुठून कुठे जातं ते माहीत पाहिजे, आणि नुकतं विणलेलं हिरवं असतं, नंतर पिवळं पडतं.

कागदाचं एक. जून ते सप्टेंबर कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात काम करत असाल आणि वॉशमध्ये अचानक गडद डाग पडत असतील, रंग जिथे लावला तिथे आत शोषला जात असेल तर दोष तुमच्या हाताचा नाही, कागदाचं सायझिंग, म्हणजे रंग लगेच आत शोषला जाऊ नये म्हणून दिलेला लेप, दमट हवेने गेलंय. तो कागद स्केचसाठी ठेवा. नवीन कागद प्लॅस्टिकमध्ये घट्ट बंद, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि लागेल तेवढाच बाहेर काढा, कॉटनचा ३०० जीएसएम चांगला महाग येतो, बुरशीला खायला घालण्याएवढे पैसे कुणाकडे आहेत. वॉश वाळायला वेळ लागतो म्हणून घाईने दुसरा थर दिला की हिरवा मळतो, तेव्हा हाताच्या मागच्या बाजूने कागदाला स्पर्श करून बघा, गार लागला म्हणजे अजून ओला आहे.

स्कॅन केल्यावर पक्षी परत डकवल्यासारखा दिसायला लागला असंही होतं, मूळ चित्र बरं असताना. स्कॅनर फिकट वॉश खातो. पोटावरचा तो हिरवट रंग, ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच उडतो आणि पोट कागदासारखं पांढरं येतं. ऑटो करेक्शन बंद करा, ब्राइटनेस थोडा खाली घ्या, आणि जमत नसेल तर व्हरांड्यात सावलीत, दुपारच्या उजेडात, कॅमेरा कागदाला अगदी समांतर धरून फोटो काढा, फ्लॅश न वापरता.

चित्र आधीच पूर्ण झालंय आणि फेकवत नाही, अशांसाठी: पक्ष्याला न धुता सुरुवात करा सावलीपासून. पायाखालची फट गडद करा. मग स्वच्छ ओल्या ब्रशने पोटाची खालची कड दोन-तीन ठिकाणी मऊ करा, टिशूने टिपा, वाळल्यावर पानाच्या हिरव्याचा पातळ वॉश पोटावरून थेट पानापर्यंत सलग ओढा, मधे ब्रश न उचलता. आउटलाइन वॉटरप्रूफ पेनने मारलेली असेल तर ती निघणार नाही, तेव्हा तिच्या बाहेरच्या बाजूचं पान तेवढंच गडद करत न्या म्हणजे रेघ त्यात बुडते, उजेडातल्या बाजूला मात्र गुआशने रेघ तोडा. एवढं करून परत ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा, आणि अजूनही पक्षी सुटा दिसत असेल तर रेफरन्समधल्या उजेडाचीच दिशा चुकलेली आहे, तिथे डागडुजी करत बसू नका, डमी लावा आणि नवा कागद घ्या.